दर्जाचा हिशेब : अमेरिकी आणि जपानी मोटारी

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीला एक कोडे पडले. एकाच जातीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन ठिकाणी तयार होत होता. काही नग ओहायो राज्यातल्या बटेव्हियाच्या कारखान्यातून येत, काही जपानहून माझदाकडून. माझदामध्ये फोर्डची २५ टक्के भागीदारी होती. ड्रॉइंग एकच, मापे तीच आणि मापांत चालवून घ्यायची घटबढही तीच. तरीही वॉरंटीतल्या दुरुस्तीला अमेरिकी गिअरबॉक्स जास्त येत. इंजिनिअरांनी दोन्हीकडचे काही नग खोलून आतला एकेक भाग मोजला. फोर्डचे भाग ठरलेल्या मर्यादेत होते, नापास करावे असे त्यांत काही नव्हते. माझदाचे भाग मोजू लागल्यावर मात्र मापकाचा काटा जागचा हलेना. मापकच बिघडला असावा, असे मोजणाऱ्याला वाटले. मापक ठीक होता. भागच एकमेकांशी इतके तंतोतंत जुळत होते.

एखाद्या दांड्याची जाडी मर्यादेच्या खालच्या टोकाला आणि तो ज्या भोकात बसायचा ते वरच्या टोकाला असेल, तर तपासणीत दोन्ही पास होतात; जोडी मात्र ढिली बसते. गिअरबॉक्समध्ये अशा कित्येक जोड्या असतात. ढिलाईवर ढिलाई साचत जाते आणि काही हजार मैलांनंतर गाडी धक्के देऊ लागते. फोर्डच्या कारखान्यात ‘मर्यादेत आहे ना, मग चालेल’ ही दर्जाची व्याख्या होती. माझदात नेमक्या मापाच्या शक्य तितके जवळ जाणे म्हणजे दर्जा. दुसऱ्या पद्धतीत यंत्रकामावर थोडी जास्त मेहनत पडते; पण भंगार, पुन्हा करावे लागणारे काम आणि वॉरंटीचा खर्च घटतो. अमेरिकी आणि जपानी मोटार कंपन्यांमधल्या पुढच्या सगळ्या स्पर्धेचा गाभा या हिशेबात आहे. दर्जा वाढवायचा तर खर्च वाढणारच, हे डेट्रॉइटचे, म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाचे, गृहीतक होते, आणि जपानी कारखान्यांनी ते खोटे पाडले.

हे गृहीतक मूर्खपणाचे मात्र नव्हते. एके काळी त्याने जग बदलले होते. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती लाईन सुरू झाली आणि एका गाडीच्या सांगाड्याची जोडणी साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी ‘मॉडेल टी’ १९२०च्या दशकात ३०० डॉलरच्याही खाली उतरली. यामागचे गणित सरळ होते. यंत्रे महाग, म्हणून एकच भाग लाखोंच्या संख्येने काढायचा. आणि लाईन थांबली की सगळेच थांबते, म्हणून ती थांबवायची नाही. चुकीचा बसलेला दरवाजा किंवा राहून गेलेला बोल्ट तसाच पुढे जाऊ द्यायचा. शेवटी दुरुस्तीचे वेगळे आवार असे, तिथे जुने कसबी कामगार गाडी ‘नीट’ करत. जेवढ्या गाड्या तयार होत तेवढ्या विकल्या जात होत्या, तोवर या आवाराचा खर्च कुणाच्या डोळ्यांत आला नाही.

जपानला ही चैन परवडणारी नव्हती. १९५० मध्ये टोयोटाच्या संस्थापक घराण्यातले एजी टोयोडा फोर्डचा रूज कारखाना पाहायला गेले, तेव्हा तिथे दिवसाला सुमारे ७,००० गाड्या तयार होत. टोयोटाने स्थापनेपासूनच्या तेरा वर्षांत मिळून २,६८५ मोटारी बनवल्या होत्या. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. मोठा संप झाला, कामगार कमी करावे लागले आणि संस्थापक कीइचिरो टोयोडा यांना पद सोडावे लागले. जे कामगार राहिले त्यांना कंपनीने कायमच्या नोकरीची हमी दिली. त्यामुळे कामगार हा इमारतीसारखा कायमचा खर्च झाला. ज्याला तीस-चाळीस वर्षे पगार द्यायचाच आहे, त्याला शिकवून शहाणा करणे हाच फायद्याचा सौदा होता.

पैशाची टंचाई प्रेस शॉपमध्ये सर्वांत जास्त जाणवायची. पत्र्याला दरवाजाचा किंवा छताचा आकार देणारा साचा, म्हणजे डाय, कित्येक टनांचा असतो. अमेरिकेत तो बदलायला दिवस जाई, त्यामुळे एकदा बसवलेला डाय दिवसेंदिवस चालत राही आणि गोदामात हजारो दरवाजे साठत. टोयोटाकडे तेवढ्या प्रेस नव्हत्या आणि साठा ठेवायला भांडवलही नव्हते. टोयोटाचे इंजिनिअर तायइची ओनो यांनी रुळांवरून डाय सरकवण्याची सोय, आधीच जुळवून ठेवलेली मापे आणि कामगारांचा सराव यांच्या जोरावर डाय बदलण्याचा वेळ काही मिनिटांवर आणला. आता थोडे दरवाजे काढून लगेच दुसरा भाग घेता येऊ लागला. साठ्यात अडकणारा पैसा वाचला, हा पहिला फायदा. दुसऱ्याने खुद्द ओनोही चकित झाले असावेत: डायमध्ये दोष असेल तर तो तासाभरात जोडणीवरच्या माणसाच्या हातात येई. गोदामात पाच हजार वाकडे दरवाजे साठण्याआधीच दोष पकडला जाई. खर्च कमी करण्याची धडपड आणि दर्जा सुधारण्याची धडपड इथे एकच झाली.

दोष दिसताच थांबायचे, ही सवय टोयोटाला कापडाच्या धंद्यातून मिळाली. कीइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला होता, की धागा तुटताच तो आपोआप थांबायचा. तुटलेला धागा लक्षात न येता माग चालत राहिला तर किती कापड वाया जाते, हे इचलकरंजी-मालेगावच्या मागवाल्यांना सांगायला नको. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. ओनोंनी हेच तत्त्व मोटारीच्या लाईनवर आणले. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. काही चुकले की ती ओढायची. मग दोषाचे मूळ सापडेपर्यंत ‘असे का झाले’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा.

संख्याशास्त्राची शिस्त जपानला अमेरिकेतूनच मिळाली. विल्यम एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जपानी इंजिनिअर आणि उद्योगपतींना व्याख्याने दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे पारितोषिक सुरू झाले. मायदेशात मात्र जून १९८० मध्ये एनबीसीने त्यांच्यावर माहितीपट दाखवल्यानंतरच कंपन्यांना त्यांची आठवण झाली. तोवर डेमिंग ७९ वर्षांचे झाले होते. फोर्डने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले तेही त्यानंतरच.

कारण तोपर्यंत घर पेटले होते. १९७३ आणि १९७९ मध्ये तेल भडकले आणि अमेरिकी ग्राहक छोट्या गाड्यांकडे वळला. डेट्रॉइटला छोटी गाडी नफ्यात बनवता येत नव्हती आणि नीटही बनवता येत नव्हती. जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) लॉर्ड्सटाउन कारखान्यात ‘व्हेगा’ची लाईन ताशी शंभर गाड्यांच्या वेगाने धावे, म्हणजे एका कामगाराला एका गाडीसाठी छत्तीस सेकंद मिळत. १९७२ मध्ये तिथे संप झाला आणि व्हेगा गंजणारी, इंजिन तापणारी गाडी म्हणून बदनाम झाली. क्रायस्लरला तर १९८० मध्ये सरकारच्या कर्जहमीने तगावे लागले. जपानी छोटी गाडी अमेरिकेच्या बंदरात उतरवूनही अमेरिकी गाडीपेक्षा दीड ते दोन हजार डॉलरने स्वस्त पडते, असे त्या काळचे अभ्यास सांगत होते.

डेट्रॉइटने याची कारणे बाहेर शोधली. जपानी मजूर स्वस्त, येन स्वस्त, तिथे रोबोट जास्त आणि तिथला माणूस जात्याच शिस्तीचा, असे सांगितले जाई. यातले काही खरे होते. जपानी कामगाराचा ताशी खर्च तेव्हा अमेरिकेच्या जवळपास निम्मा होता आणि एका डॉलरला २४०च्या आसपास येन मिळत. अमेरिकी सरकारच्या दबावाखाली १९८१ पासून जपानने निर्यातीवर वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा घालून घेतली. पुढे डॉलर स्वस्त करण्यासाठी झालेल्या १९८५च्या प्लाझा करारानंतर येन इतका महागला, की तीन वर्षांत डॉलरला १३०च्या आसपासच येन मिळू लागले. दोन्ही उपायांचा उलटाच परिणाम झाला. संख्येवर मर्यादा आल्यावर जपान्यांनी महागड्या गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि कारखानेच अमेरिकेत हलवले. ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडाची ‘अकॉर्ड’ १९८२ मध्ये तयार होऊ लागली. मजुरीचा आणि येनचा फायदा तिथे उरला नाही, तरी दर्जा टिकला.

‘जपानी माणूस’ हे कारण मात्र कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँट गावी कायमचे निकालात निघाले. तिथला जीएमचा कारखाना कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक समजला जाई. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. कामाच्या वेळात दारू चाले, युनियनचे तक्रारअर्ज हजारोंनी साचलेले असत आणि रागावलेले कामगार कधी मुद्दाम गाडीत दोष सोडून देत. १९८२ मध्ये जीएमने त्याला टाळे लावले. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटा आणि जीएम यांच्या भागीदारीत ‘नम्मी’ या नावाने पुन्हा उघडला. जीएमला छोटी गाडी नफ्यात कशी बनते ते शिकायचे होते. टोयोटाला अमेरिकी कामगार आणि अमेरिकी युनियन यांच्यासोबत आपली पद्धत चालते का ते पाहायचे होते. कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुनेच होते, युनियनही तीच. व्यवस्थापन फक्त टोयोटाचे.

कामगारांच्या तुकड्या आधी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवल्या गेल्या. तिथे त्यांनी पाहिले, की एखादा कामगार मागे पडला किंवा त्याच्या हातून बोल्ट तिरपा गेला की तो दोरी ओढतो. सुरावट वाजते, फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, टीमचा म्होरक्या धावत येतो आणि रागावण्याऐवजी मदत करतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या रेघेपर्यंत जाईतोवर अडचण सुटली तर लाईन चालूच राहते, नाही तर थांबते. फ्रिमाँटमध्ये लाईन थांबवणे हा नोकरी घालवण्यासारखा गुन्हा होता. लाईन थांबवायचा हक्क साध्या कामगाराच्या हातात देणे म्हणजे त्याच्यावर कंपनीचा पैसा सोपवणे, आणि जुन्या फ्रिमाँटच्या माणसांना हा विश्वास नवा होता.

नम्मीत कामाच्या ऐंशीहून अधिक वर्गवाऱ्या मोजक्यांवर आल्या. साहेबांचे वेगळे कँटीन आणि वेगळे पार्किंग गेले. पूर्वी स्टॉपवॉच घेऊन इंजिनिअर कामगाराच्या डोक्यावर उभा असे. आता तेच घड्याळ टीमच्या हातात आले आणि कामगार एकमेकांच्या कामाचा वेळ मोजून, कोणता हात आधी आणि कोणता पाना नंतर, हे स्वतः लिहून ठरवू लागले. १९८८च्या सुमारास तिथल्या ‘शेव्हरोले नोव्हा’ची मागणी पडली, तेव्हा कुणालाही घरी पाठवले नाही, रिकाम्या वेळात प्रशिक्षण झाले. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर उतरली.

या बदलाची मोजणी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी केली. जीएमचा फ्रेमिंगहॅम कारखाना, ताकाओका आणि नम्मी यांची १९८६-८७ची तुलना त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडली. गाड्यांमधला फरक वजा करून एक गाडी जोडायला फ्रेमिंगहॅमला ३१ तास लागत, ताकाओकाला १६ आणि नम्मीला १९. शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३०, ताकाओकात ४५ आणि नम्मीतही ४५. सुट्या भागांचा साठा फ्रेमिंगहॅममध्ये दोन आठवड्यांचा, नम्मीत दोन दिवसांचा, ताकाओकात दोन तासांचा. कमी वेळ, कमी जागा, कमी साठा आणि कमी दोष हे सारे एकाच कारखान्यात एकत्र नांदत होते. नम्मीत काही वर्षे काम केलेले जॉन क्राफसिक याच अभ्यासात होते, आणि या पद्धतीला ‘लीन’ (सडसडीत) हे नाव त्यांनीच दिले.

जीएमने हा धडा उशिरा आणि अर्धवट घेतला. अधिकाऱ्यांची बढती गाड्यांच्या आकड्यावर ठरत होती, त्यामुळे दोरी टांगली तरी ती ओढू देणारा साहेब सापडत नसे. त्याच काळात कंपनीने रोबोटांवर पाण्यासारखा पैसा ओतला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या हॅमट्रॅमॅक कारखान्यात रंगकामाचे रोबोट एकमेकांनाच रंगवत असल्याच्या बातम्या गाजल्या. नम्मीतली यंत्रे त्या मानाने जुनीच होती. पद्धत बिघडलेली असताना यंत्र आणले तर चुका वेगाने होतात, एवढेच हॅमट्रॅमॅकमध्ये सिद्ध झाले.

तरीही डेट्रॉइट सुधारत गेले, आणि हे नोंदवायलाच हवे. उत्पादकता मोजणाऱ्या हार्बर अहवालात २००८ मध्ये क्रायस्लर आणि टोयोटा यांचे उत्तर अमेरिकेतले एका गाडीमागचे तास सारखे, सुमारे ३०, भरले. यात पत्र्याचे भाग आणि इंजिनांचे कामही धरलेले असल्याने हा आकडा आधीच्या आकड्यांशी जुळवता येत नाही. पुढच्याच वर्षी क्रायस्लर आणि जीएम दोघीही दिवाळखोरीत गेल्या. कारखान्यातले तास जवळ येऊनही त्या बुडाल्या, कारण मोटारीचा खर्च फक्त लाईनवर ठरत नाही.

पहिले ओझे जुन्या वचनांचे होते. अमेरिकेत सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा नाही. भरभराटीच्या काळात डेट्रॉइटच्या कंपन्यांनी युनियनला पेन्शन आणि निवृत्तीनंतरचा औषधोपचार कबूल केला होता. २००५च्या सुमारास जीएम कामगार, निवृत्त आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे ११ लाख लोकांच्या उपचारांवर वर्षाला पाच अब्ज डॉलरहून जास्त खर्च करत होती. हा खर्च प्रत्येक गाडीमागे सुमारे १,५०० डॉलर पडत होता. जपानमध्ये १९६१ पासून सर्वांना आरोग्यविमा आहे, आणि अमेरिकेतल्या जपानी कारखान्यांत निवृत्त माणसे अजून फारशी नव्हती. निवृत्त कामगारांचा यात काही दोष नव्हता. त्यांनी आयुष्यभर काम करून मिळवलेले ते वेतनच होते. पण दीड हजार डॉलर कुठून तरी भरून काढायचे, तर डॅशबोर्डचे प्लास्टिक, सीटचे कापड आणि दाराचे रबर यांतून काढले जात. ग्राहक शोरूममध्ये पहिला हात त्याच प्लास्टिकवर ठेवी.

दुसरे ओझे बदनामीचे. नम्मीच्या एकाच लाईनवर टोयोटाची ‘कोरोला’ आणि जीएमची ‘जिओ प्रिझम’ तयार होत. आतून जवळपास एकच गाडी, बांधणारे हातही तेच. तरी कोरोला जास्त विकली जाई आणि सेकंडहँड बाजारात तिला भाव जास्त मिळे. वीस वर्षांत गमावलेला विश्वास गाडी सुधारल्याबरोबर परत येत नाही. डेट्रॉइटला गाड्या सूट देऊन खपवाव्या लागत आणि ती सूट नफा खाई.

तिसरा फरक पुरवठादारांशी वागण्याचा. मोटारीच्या किमतीतला मोठा वाटा बाहेरून आणलेल्या भागांचा असतो. डेट्रॉइटची रीत दरवर्षी निविदा काढून सर्वांत स्वस्त भाग घेण्याची. १९९२-९३ मध्ये जीएमचे खरेदीप्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ यांनी जुने करार फाडून दर पाडले, तेव्हा ती टोकाला गेली. टोयोटाही दर कमी करायला लावते आणि त्यात दयामाया नसते. पण आपली माणसे पुरवठादाराच्या कारखान्यात पाठवून खर्च कुठे वाचेल ते शोधते आणि धंदा वर्षानुवर्षे त्याच्याकडेच ठेवते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व जवळपास सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. जपानमधले टोयोटाचे जवळजवळ सर्व कारखाने बंद पडले. साठा न ठेवण्याची जोखीम उघडी पडली, हे खरे. पण शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदरसह डझनावारी कंपन्यांनी कराराच्या अटी ठरायच्या आधीच आपली यंत्रे या व्हॉल्वला लावली आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या.

पुरवठादारांकडून मागितलेली ही शिस्त महाराष्ट्रातही ओळखीची आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत कायझेन (सततच्या छोट्या सुधारणा), कानबान (लागेल तसे भाग मागवण्याचे कार्ड), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे जपानी शब्द मराठीइतकेच सहज बोलले जातात, आणि महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवले.

२००८ मध्ये टोयोटा विक्रीत जीएमच्या पुढे गेली आणि लगेच तिचाही कस लागला. गाडी अचानक वेग घेते अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकणे आणि अडखळणारे पेडल ही कारणे निघाली. इलेक्ट्रॉनिक दोष सरकारी चौकशीत सापडला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितले, की माणसे घडवण्याच्या वेगापेक्षा कंपनी जास्त वेगाने वाढली. ग्राहकांपासून माहिती लपवल्याबद्दल टोयोटाला २०१४ मध्ये १.२ अब्ज डॉलर भरावे लागले. तिकडे २०१० सालीच जे.डी. पॉवर या बाजार-संशोधन कंपनीच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत अमेरिकी ब्रँडनी परदेशी ब्रँडना पहिल्यांदाच मागे टाकले.

जीएमचा जुना आजारही २०१४ मध्ये वर आला. काही छोट्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती; जड किल्लीच्या झुबक्याने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने चालती गाडी बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. स्विच कंपनीच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये बसत नव्हता, तरी २००२ मध्ये मंजूर झाला होता. पुढे तो गुपचूप सुधारला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे जुने आणि नवे स्विच कोणते हे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे कळले नाही. सुधारणेचा खर्च दर गाडीमागे एक डॉलरपेक्षाही कमी होता. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवल्या गेल्या आणि १२४ मृत्यूंची भरपाई जीएमच्या निधीतून दिली गेली.

नव्या गाडीच्या पहिल्या काही महिन्यांतल्या तक्रारी पाहिल्या, तर दोन्ही देशांच्या गाड्यांत आता फारसे अंतर नाही, आणि त्या तक्रारींत गिअरबॉक्सपेक्षा टचस्क्रीन आणि फोनच्या जोडणीचा भरणा असतो. तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या पाहणीत मात्र लेक्सस आणि टोयोटा सातत्याने वर असतात. जीएमची ब्युइकही तिथे वरच्या क्रमांकांवर आली आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कित्येक ‘जपानी’ गाड्या आज केंटकी, ओहायो आणि टेनेसीत अमेरिकी कामगार बांधतात, तर कित्येक ‘अमेरिकी’ गाड्या मेक्सिकोतून येतात. फ्रिमाँटचा कारखाना १ एप्रिल २०१० रोजी बंद झाला आणि टेस्लाने तो विकत घेतला. २०१८ मध्ये ‘मॉडेल ३’ची लाईन रोबोटांच्या गर्दीने अडून बसली, तेव्हा अति यांत्रिकीकरण ही आपली चूक झाली असे इलॉन मस्क यांनी जाहीर केले आणि आवारात मोठा तंबू ठोकून त्यात माणसांच्या हातांनी जोडणी सुरू केली.